डोळे येणे

पापणी उलटली की आत गुलाबी असावं.
यझबालेमच्या पापणीत पांढरं आहे,
रेघारेघांचं, आटलेल्या ओढ्यासारखं.
लहानपणी डोळे आले. गेले. पुन्हा आले.
इतक्या वेळा आले
की आता जायला निघालेत.

व्रण आक्रसतो, पापणीची कड आत ओढतो,
आणि धूळ अडवायला उभे केलेले केस
बुबुळावरून फिरू लागतात
प्रत्येक उघडझापीला.

"कुसळ गेलंय," ती म्हणाली.
"कुसळ नाही, एमाये, तुझेच केस."
"माझेच?"
आणि ती हसली,
जशी घरातलंच कुणी चोर निघावं तशी.

गोज्जामच्या पठारावरची ही शाळा.
आज बाजार, म्हणून वर्ग रिकामा.
दोन बाक जोडले, वर हिरवं कापड.
फळ्यावर कालची बेरीज तशीच.
मी डॉक्टर नाही. नर्स आहे.
महिनाभर शिकलो, आतो मेर्शांच्या हाताखाली.
ते म्हणायचे, खालची पापणी उंबरठा,
दार फक्त वरची.

दार कशाचं, तर
आधी कातडी, अंगावरची सर्वांत पातळ,
तिच्याखाली चरबीचा ठिपका नाही.
मग मिटणारी स्नायूची कडी.
मग एक ताठ पट्टी; लोक तिला कूर्चा म्हणतात,
ती कूर्चा नाही.
तिच्यात तीसेक बारीक नळ्या उभ्या,
तेलाच्या.
डोळ्यांत तेल घालून राखण करावी म्हणतात,
ते तेल कुणीतरी आधीच घालून ठेवलंय.
सर्वांत आत ते ओलं अस्तर, जे गुलाबी असावं.
मागे सात हाडांची खोबण.
तिला काही झालेलं नाही.

यझबालेमच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात
क्रूस आहे आणि लोहाराने केलेला चिमटा.
दर शनिवारी वागाये, तिची लेक,
उन्हात मांडीवर तिचं डोकं घेऊन केस उपटायची.
वागाये जेद्दाला गेली, भांडी घासायला.
मग शेजारीण. मग कुणीच नाही, नुसती बोटं.
उपटलेला केस परत येतो तो आखूड येतो,
आणि आखूड म्हणजे टोकदार.

माझी आई दिवसभर
दाराकडे पाठ करून बसायची.
आम्हाला वाटायचं, रुसलीय.

भूल दिली. ती "मरियम" म्हणाली,
मग गप्प.
कडेपासून तीन मिलिमीटर वर, आरपार.
सुटलेली कड बाहेर वळवली,
तीन टाके घातले, गाठी घट्ट.
जरा जास्तच वळव, मेर्शा सांगायचे,
शरीर आपलं आपण परत ओढतं.
पत्र्यावर एक कावळा चालत होता,
टक, टक,
आणि माझा हात
त्याच्या पावलांमधल्या वेळात चालत होता.

सकाळी पट्टी काढली.
बुबुळावरचा धुरकट डाग राहणार,
ते मी आधीच सांगितलं होतं.
तिने डोळा मिटला. उघडला.
पुन्हा मिटला, मुद्दाम, सावकाश,
नवं कुलूप लावून बघावं तसा.
"टोचत नाही," ती म्हणाली,
आणि जरा वेळाने, जवळजवळ तक्रारीच्या सुरात,
"काहीच नाही."

मी चिमट्यासाठी हात पुढे केला.
तिने मूठ मिटली.
नातवाच्या टाचेत काटे रुततात,
ते कोण काढणार?

मग ती फळ्याकडे वळली.
"ते पांढरं काय लिहिलंय?"
"बेरीज."
"बरोबर आहे?"
मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.
सात आणि आठ, चौदा.
दोन दिवस मी तिच्यासमोर वावरत होतो,
दोन्ही डोळे शाबूत.